निर्जीवाला गती देताना



ॲनिमेशनचे तंत्र हा विषय म्हटला की डिस्नेचे नाव ओघाने येते. मला मात्र प्रारंभ दादासाहेब फाळक्यांपासून करावासा वाटतो.

1912 साली लंडनहून कॅमेरा घेऊन परतल्यावर फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याच्या वाढीची चित्रे ठरावीक अंतराने, एकेक करून टिपली. अनेक दिवसांची वाढ पडद्यावर काही क्षणांत उरकली. परंतु तेथे रोप आपले आपण वाढत होते. 1915 च्या ‘आगकाड्यांची मौज’मध्ये त्यांनी पुढचे पाऊल टाकले. आगकाडी स्वतःहून हलत नाही. ती तसूभर सरकवायची, हात बाजूला घ्यायचा, एक चित्र टिपायचे, पुन्हा सरकवायची. मूकपटाच्या काळातील सेकंदाला साधारण 16 चित्रांचा हिशेब धरला, तर एका मिनिटासाठी हे 960 वेळा! कागदावरची रेघ खोडता येते. येथे टेबलाला धक्का लागला की काड्या नेमक्या पूर्वीच्या जागी ठेवणे जवळजवळ अशक्य. म्हणून हे तंत्र मला सर्वांत कठोर वाटते. तो लघुपट आज उपलब्ध नाही, याची हळहळ वाटते.

हाताने काढलेल्या चित्रांची रीत निराळी. आपल्या राजवाड्यासमोरून रंगपंचमीची गेर जात आहे, असे दृश्य कल्पू या. राजवाडा एकदाच रंगवायचा. माणसे सेल्युलॉइडच्या पारदर्शक तावांवर काढून त्यावर ठेवायची. गुलालाची मूठ उधळायची असेल, तर तेवढाच ताव बदलायचा. मुख्य चित्रकार हात खाली आणि हात वर अशा दोन टोकांच्या मुद्रा काढतो. मधली चित्रे साहाय्यक भरतात. ती समान अंतरावर असतील, तर हात यंत्रासारखा उठतो. दोन्ही टोकांशी दाट आणि मध्ये विरळ ठेवली, की हाताला वजन येते. सारी गंमत या मधल्या जागेत आहे.

कातरलेल्या आकृत्यांचे सांधे हलवूनही चित्रपट होतो. पिंगुळीच्या चामडी बाहुल्या पाहिलेल्यांना ही कल्पना नवी वाटणार नाही.

विजया मुळे यांचा 1974 चा ‘एक अनेक और एकता’ अनेकांना आठवत असेल. भीमसैन यांच्या ॲनिमेशनने सजलेला हा लघुपट सुमारे सात मिनिटांचा. सेकंदाला 24 या हिशेबाने एवढ्या लांबीला दहा हजारांवर चौकटी लागतात! प्रत्येक चित्र दोनदा टिपले आणि काही आकृत्या स्थिर ठेवल्या, तरच हे काम आवाक्यात येते.

1995 च्या ‘टॉय स्टोरी’त मधल्या जागा संगणकाने मोजून भरल्या, कोणती मुद्रा किती क्षण टिकवायची, हे मात्र तेथेही कलावंतांनीच ठरवले.