तेहतिसावा डाव

पहाटेचे चार वाजून सात मिनिटं. आपल्याकडे ही काकडआरतीची वेळ. १९ एप्रिल १९८१ च्या पहाटे, अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यातल्या पॉटकेट या जुन्या गिरणगावात, नेमक्या या वेळी बेसबॉलचा एक सामना थांबवला गेला. थांबवला म्हणतोय, संपला नव्हता. आदल्या रात्री सुरू झालेल्या त्या सामन्याचे ३२ डाव झाले होते आणि धावफलकावर २-२ होते. मॅकॉय स्टेडियमवर १,७४० माणसं आली होती, त्यातली १९ उरली होती. ईस्टरचा रविवार उजाडायला आला होता.

क्रिकेट कळणाऱ्या माणसाला बेसबॉलचा हिशोब समजायला दोन मिनिटं पुरतात. एका डावात दोन्ही संघ एकेकदा बॅटिंग करतात, तीन आउट झाले की पाळी बदलते. असे नऊ डाव, म्हणजे प्रत्येकाला २७ आउट. नऊ डावांनंतर बरोबरी असेल तर दहावा, मग अकरावा, मग बारावा. डाव पुरा होताना कुणीतरी पुढे असेपर्यंत हे चालू राहतं. या खेळाला मुळात घड्याळच नव्हतं. क्रिकेटनेही हा उद्योग करून पाहिला होता. १९३९ मधली डर्बनची ‘कालमर्यादा नसलेली’ कसोटी दहा दिवस चालली आणि इंग्लंडला बोट गाठायची होती म्हणून निकालाविना सोडून द्यावी लागली. आपण शहाणे झालो. बेसबॉलवाले बराच काळ झाले नाहीत, आणि म्हणूनच त्यांच्याकडचे आकडे असे मोकाट सुटले.

पॉटकेटमध्ये असे सामने एरवी मध्यरात्रीनंतर थांबवायचा नियम होता. सामना इंटरनॅशनल लीगचा, म्हणजे सर्वांत वरच्या मेजर लीगच्या खालच्या मायनर लीगपैकी एकीचा होता. तिथे रात्री १२.५० नंतर नवा डाव सुरू करायचा नाही, असं ठरलेलं होतं. पण त्या वर्षी पंचांच्या हातात जी नियमपुस्तिका होती, तिच्यात नेमकं हे कलम छापायचं राहून गेलं होतं. पुस्तकात नाही म्हणजे नाही, असं म्हणत पंच खेळवत राहिले. लीगचे अध्यक्ष हॅरोल्ड कूपर यांना फोनवर गाठायची धडपड सुरू झाली. ते सापडेपर्यंत रात्र सरत आली होती. त्यांनी ऐकलं आणि चालू डाव संपला की थांबा म्हणून सांगितलं. एका गाळलेल्या कलमाने जागतिक विक्रम घडवल्याचं दुसरं उदाहरण मला ठाऊक नाही.

थंडी अशी होती की खेळाडू मोडक्या बॅटी पिंपात घालून शेकत बसले. वारा मैदानाच्या आत वाहत होता. पॉटकेटच्या सॅम बोवेनने मारलेला एक चेंडू कुंपणापार गेलाच असं सगळ्यांना वाटलं, तर वाऱ्याने तो परत आत आणून टाकला आणि झेल गेला. समोरच्या रॉचेस्टर संघाच्या डॅलस विल्यम्सने त्या सामन्यात १३ वेळा नशीब आजमावलं, हिट (चेंडू मारून बेस गाठणं) एकही नाही. एरवी इतकं अपयश पदरात पडायला तीन सामने लागतात.

२१ व्या डावात रॉचेस्टरने एक धाव काढली तेव्हा सुटलो असंच सगळ्यांना वाटलं असणार. पण पॉटकेटच्या वेड बॉग्जने त्याच डावात हिट मारून बरोबरी करून टाकली. आपल्याच संघातले लोक आता मिठी मारणार की गुद्दे, हे आपल्याला कळेना, असं तो पुढे सांगायचा. त्यानंतर आणखी अकरा डाव झाले. दोन्ही संघांची मिळून एकही धाव नाही.

माझी आवडती गोष्ट मात्र लुइस अपॉन्टेची. पॉटकेटचा हा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, आपलं काम केव्हाच उरकून बसला होता. त्याला घरी सोडलं. इतक्या रात्री कुठे होतास, या बायकोच्या प्रश्नाला त्याने खरं तेच उत्तर दिलं: मैदानावर. कोण विश्वास ठेवणार? सकाळी पेपरात बघ, असं म्हणायची सोय होती, तर सामना इतका लांबला की रविवारच्या अंकात बातमी आलीच नाही. बिचाऱ्याला सोमवारपर्यंत वाट पाहावी लागली.

उरलेला सामना २३ जूनला खेळायचं ठरलं. मध्ये ६५ दिवस होते. तेवढ्या वेळात जरा मागे जाऊन येऊ.

१ मे १९२०, बोस्टन. ब्रुकलिनचा लिऑन कॅडोर आणि बोस्टनचा जो ओश्गर हे दोन पिचर समोरासमोर. पाचव्या डावात ब्रुकलिनची एक धाव, सहाव्यात बोस्टनची एक, आणि मग काहीच नाही. २६ डाव झाले, अंधार पडला, १-१ वर सामना सोडला. मेजर लीगमधला डावांच्या हिशोबाने हा आजही सर्वांत लांब सामना. आता खरी गंमत: दोघांनीही सगळेच्या सगळे २६ डाव स्वतः टाकले. बदली पिचर कुणीच आला नाही. ओश्गरने शेवटचे सलग २१ डाव एकही धाव दिली नाही. आजच्या काळात एखाद्याने एकट्याने नऊ डाव पुरे केले तर त्याची बातमी होते. या दोघांनी जवळजवळ तीन सामन्यांचं काम एका दुपारी उरकलं.

आणि किती वेळात? ३ तास ५० मिनिटांत. डावाला नऊ मिनिटंसुद्धा नाहीत. पॉटकेटला डावामागे पंधरा मिनिटांहून जास्त लागली. तेव्हाचे पिचर चेंडू हातात आला की टाकून मोकळे व्हायचे. टोपी नीट करा, शून्यात बघा, हातमोजा कुरवाळा, हे सगळं नंतर आलं.

ब्रुकलिनचं दुर्दैव तिथेच संपलं नाही. दुसऱ्या दिवशी फिलाडेल्फियाशी सामना होता, तो १३ डाव चालला आणि ते हरले. तिसऱ्या दिवशी पुन्हा बोस्टनविरुद्ध १९ डाव, पुन्हा हार. तीन दिवसांत ५८ डाव, साडेसहा सामन्यांइतका खेळ, आणि विजय शून्य. खेळातल्या फुकट गेलेल्या घामाची यादी कुणी केली तर हे नाव मी बरंच वर घालीन.

फुकट गेलेल्या घामाचा विषय निघालाच आहे तर हार्वी हॅडिक्स. २६ मे १९५९, मिलवॉकी. पिट्सबर्गचा हा किरकोळ बांध्याचा डावखुरा पिचर त्या दिवशी फ्लूने बेजार होता. बेसबॉलमध्ये ‘परफेक्ट गेम’ म्हणजे प्रतिस्पर्ध्याचे २७ च्या २७ बॅटर ओळीने परत पाठवायचे, एकालाही कुठल्याही कारणाने पहिल्या बेसवर पोचू द्यायचं नाही. हे किती अवघड आहे ते कॅल्क्युलेटरवर करून पाहा. साधारण बॅटर शंभरातून ३२ वेळा बेसवर पोचतो असं धरलं, तर त्याला रोखण्याची शक्यता ०.६८. सलग २७ जणांसाठी ०.६८ चा २७ वा घात काढायचा. उत्तर येतं ३३ हजारांत एक. मेजर लीगच्या सुमारे दीडशे वर्षांत दोन लाखांहून अधिक सामने झाले, आणि २०२३ मध्ये न्यूयॉर्क यांकीजच्या दोमिंगो हेरमानने टाकला तो २४ वा परफेक्ट गेम होता.

हॅडिक्सने २७ जण परत पाठवले. पण त्याच्या संघालाही धाव काढता आलेली नव्हती, त्यामुळे तो टाकत राहिला. दहावा डाव, अकरावा, बारावा. ३६ बॅटर आले, ३६ गेले. आपल्या मघाच्या हिशोबाने ही साडेदहा लाखांहून जास्तीत एक अशी गोष्ट. तेराव्या डावात त्याच्याच क्षेत्ररक्षकाची फेक चुकली आणि ३७ वा बॅटर पहिल्या बेसवर पोचला. मग जो ॲडकॉकने चेंडू थेट कुंपणापार धाडला. दरम्यान बेसवर आलेल्या आणि आता ॲडकॉकच्या पुढे धावणाऱ्या हँक ॲरनला वाटलं सामना संपला, म्हणून त्याने वाट सोडली, ॲडकॉक त्याला ओलांडून गेला, आणि नियमाप्रमाणे तो होम रन कापून अधिकृत स्कोर १-० ठेवला गेला. समोरच्या लू बर्डेटने १२ हिट दिल्या होत्या. तो जिंकला.

इथे आपल्याला बापू नाडकर्णी आठवायलाच हवेत. १९६४ मध्ये मद्रासला इंग्लंडविरुद्ध ३२ षटकं, २७ निर्धाव, ५ धावा. सलग १३१ चेंडूंवर धाव नाही. आणि बळी? शून्य. हॅडिक्स आणि बापू समोरासमोर बसले असते तर फारसं बोलावं लागलं नसतं.

पण एका दिवसाच्या चमत्कारात नशिबाचा वाटा असतोच. २३ एप्रिल १९९९ ला फर्नांडो तातीसने एकाच डावात, एकाच पिचरला, तिन्ही बेस भरलेले असताना दोन होम रन ठोकले. त्याच्याआधी हे कुणी केलं नव्हतं, नंतरही नाही. आश्चर्य खरंच, पण दहा मिनिटांचं. मला जास्त चक्रावतात ते रोज उठून करायचे विक्रम. १९४१ मध्ये जो डिमॅजिओने सलग ५६ सामन्यांत किमान एक तरी हिट मारली. त्याच्यासारख्याला एखाद्या सामन्यात हिट मिळण्याची शक्यता ८० टक्के धरली, तरी ठरावीक ५६ सामने ओळीने साधणं हे पावणेतीन लाखांत एक. १७ जुलैला क्लीव्हलंडमध्ये ६७,४६८ प्रेक्षकांसमोर ती साखळी तुटली. केन केल्टनरने तिसऱ्या बेसपाशी दोन जबरदस्त चेंडू अडवले, नाहीतर पुढेच गेली असती. दुसऱ्या दिवसापासून डिमॅजिओने पुन्हा १६ सामने हिट मारली. त्यानंतर त्याच्या सर्वांत जवळ पोचला तो पीट रोझ, १९७८ मध्ये, ४४ वर.

आता परत पॉटकेटला. कारण त्या थंडीच्या रात्री रॉचेस्टरच्या तिसऱ्या बेसवर वीस वर्षांचा एक उंच पोरगा उभा होता, पहिल्या डावापासून शेवटपर्यंत. नाव कॅल रिपकेन. १३ वेळा बॅट, दोन हिट. पुढच्याच वर्षी, ३० मे १९८२ ला, मेजर लीगमध्ये बाल्टिमोरकडून त्याची एक मालिका सुरू झाली. रोज खेळायचं, इतकंच. एका हंगामात १६२ सामने. १९८२ ते १९८७ मध्ये तर त्याने सलग ८,२४३ डाव एकदाही बाहेर न बसता काढले. लू गेरिगचा सलग २,१३० सामन्यांचा विक्रम १९३९ पासून कुणी हलवलेला नव्हता. ६ सप्टेंबर १९९५ ला बाल्टिमोरच्या मैदानात पाचव्या डावाच्या मध्यावर सामना अधिकृत धरला गेला, समोरच्या जुन्या गोदामाच्या भिंतीवरचा आकडा २,१३१ झाला, आणि लोक उभे राहून टाळ्या वाजवत राहिले, तब्बल २२ मिनिटं. तो मात्र थांबला १९९८ मध्ये, २,६३२ वर. एवढ्या वर्षांत एकही दांडी नाही. लग्नकार्यालासुद्धा नाही म्हणजे आपल्याकडे अशक्यच.

२३ जून १९८१. तेव्हा मेजर लीगचे खेळाडू संपावर होते आणि देशभरातल्या क्रीडा पत्रकारांकडे लिहायला काही नव्हतं. ते सगळे पॉटकेटला लोटले. ज्या स्टेडियममध्ये शेवटी १९ जण उरले होते तिथे साडेपाच हजारांहून जास्त माणसं आली. त्या १९ जणांना क्लबने हंगामाचे पास दिले होते. ३३ वा डाव सुरू झाला. रॉचेस्टरचे तीन आउट, धाव नाही. पॉटकेटच्या मार्टी बॅरेटला चेंडू लागला, तो पहिल्या बेसवर गेला. एक हिट, मग एक मुद्दाम दिलेला वॉक, म्हणजे बॅटरला फुकट पहिला बेस, आणि तिन्ही बेस भरले. बॅट घेऊन आला डेव्ह कोझा. त्याने चेंडू डावीकडे मारला, बॅरेट होम प्लेटवर पोचला. ३-२. साडेतीन सामन्यांहून लांब चाललेला खेळ १८ मिनिटांत आटोपला.

एकूण वेळ ८ तास २५ मिनिटं. १९५ आउट, साध्या सामन्यात फार तर ५४ होतात. ८८२ चेंडू, म्हणजे आपली बरोबर १४७ षटकं, कसोटीचा दीड दिवस आणि वर थोडं. हा विक्रम आता मोडणं जवळजवळ अशक्य, कारण मायनर लीगमध्ये २०१८ पासून आणि मेजर लीगमध्ये २०२० पासून जादा डाव सुरू होतानाच दुसऱ्या बेसवर एक धावपटू उभा करून देतात. बरोबरी लवकर फुटावी म्हणून. २०२३ पासून मेजर लीगच्या पिचरपुढे घड्याळही लावलंय. सोय झाली हे मान्य. मला तो उभा करून दिलेला धावपटू फुकटचा पाहुणा वाटतो.

त्या सामन्यात खेळलेले दोघे हॉल ऑफ फेममध्ये गेले. वेड बॉग्जने मेजर लीगमध्ये ३,०१० हिट मारल्या, कॅल रिपकेनने ३,१८४. सामना जिंकून देणाऱ्या डेव्ह कोझाने त्या एका सामन्यात १४ वेळांत ५ हिट मारल्या, दोघांहून जास्त. मेजर लीगमध्ये तो खेळलेले सामने: ०.