श्वार्त्सचा कंदील

दंडगोलाच्या वक्रपृष्ठाचं क्षेत्रफळ २πrh, हे दहावीच्या मुलांना पाठ असतं. पण वक्रपृष्ठाचं क्षेत्रफळ म्हणजे नेमकं काय, असं कुणी विचारलं तर पंचाईत होते. वक्ररेषेची लांबी सांगणं त्या मानाने सोपं. तिच्यावर बिंदू घ्यायचे, ते सरळ रेघांनी जोडायचे आणि रेघांच्या लांबीची बेरीज करायची. बिंदू जितके दाट, तितकी बेरीज खऱ्या लांबीच्या जवळ. मग पृष्ठभागावरही बिंदू घ्यावेत, ते जोडून त्रिकोण करावेत आणि त्रिकोणांच्या क्षेत्रफळांची बेरीज करावी, असं कुणालाही सुचेल. सेरे या फ्रेंच गणितज्ञाच्या नावाजलेल्या पाठ्यपुस्तकात एकोणिसाव्या शतकात जवळपास हीच व्याख्या होती. १८८०च्या सुमारास हेर्मान श्वार्त्स यांनी ती टिकत नसल्याचं दाखवून दिलं. एक मीटर त्रिज्येचा, एक मीटर उंचीचा दंडगोल घ्या. त्याचे आडवे पट्टे पाडा, प्रत्येक पट्ट्याच्या कडेवर समान अंतरावर बिंदू घ्या, मात्र दर खालच्या कडेवरचे बिंदू अर्ध्या घराने सरकवा आणि सगळे त्रिकोणांनी जोडा. एका कडेवरच्या बिंदूंच्या संख्येचा वर्ग करून तितके पट्टे पाडत गेलात, तर त्रिकोण बारीक बारीक होत जातात, त्यांचे शिरोबिंदू दंडगोलावरच राहतात, पण क्षेत्रफळांची बेरीज ६.२८ चौरस मीटरकडे न जाता साधारण ३१.६ कडे जाते. म्हणजे पाचपट! वर्गाऐवजी घन घेतला तर ती वाढतच राहते, तिला अंत नाही. कारण त्रिकोण पृष्ठभागाला चिकटून न राहता आतल्या बाजूला कलतात आणि कागदी आकाशकंदिलासारख्या घड्या पडतात; गणितात या रचनेला ‘श्वार्त्सचा कंदील’ म्हणूनच ओळखतात. इटलीत पेआनो यांनाही ही चूक स्वतंत्रपणे सापडली होती.

एकापेक्षा जास्त चलांचं कॅल्क्युलस अमेरिकी विद्यापीठांत दोन तऱ्हांनी शिकवतात, आणि या दोन तऱ्हांमधला फरक समजायला हा कंदील उपयोगी पडतो. साध्या कोर्समध्ये पार्शल डेरिव्हेटिव्ह, दुहेरी-तिहेरी इंटिग्रेशन, ग्रेडियंट, डायव्हर्जन्स, कर्ल आणि शेवटी ग्रीन, गाउस व स्टोक्स यांची प्रमेयं, असा प्रवास असतो. आपल्याकडे इंजिनिअरिंगची मुलं ज्याला ‘एम-थ्री’ म्हणतात, त्यातला व्हेक्टर कॅल्क्युलसचा भाग साधारण याच वळणाचा आहे. ऑनर्स कोर्समध्ये विषय हेच, पण प्रत्येक सूत्र कोणत्या अटीवर खरं आहे हे सिद्ध करावं लागतं. (आपल्या नव्या चार वर्षांच्या ‘ऑनर्स’ पदवीशी याचा संबंध नाही.) हा कोर्स पुढे गणितज्ञ होणाऱ्या मोजक्या मुलांचा शौक आहे, असं सर्रास मानलं जातं. मला ते पटत नाही. सूत्र वापरणाऱ्या प्रत्येकाला ते कुठे लागू पडत नाही हे कळणं गरजेचं असतं, आणि साधा कोर्स नेमकं तेवढंच वेळेअभावी सोडून देतो.

सुरुवात डेरिव्हेटिव्हपासूनच होते. एका चलात डेरिव्हेटिव्ह म्हणजे आलेखाचा चढ, म्हणजे एक संख्या. दोन चलांत आलेख म्हणजे डोंगरदऱ्यांचा प्रदेश, आणि चढ दिशेगणिक वेगळा. तेव्हा सगळ्या दिशांचे चढ काढले की काम झालं, असं वाटतं. पण x²y भागिले (x⁴ + y²) हे फलन घ्या आणि मूळबिंदूवर त्याची किंमत शून्य धरा. मूळबिंदूतून कोणत्याही सरळ रेषेत चालत गेलात तरी चढ नीट मोजता येतो. आता y = x² या पॅराबोलावरून मूळबिंदूकडे या. वाटेत सगळीकडे उंची अर्धा, आणि मूळबिंदूवर एकदम शून्य. सगळ्या दिशांना चढ आहे आणि तरी पायाखाली कडा! म्हणून ऑनर्स कोर्समध्ये चढांची यादी बाजूला ठेवून डेरिव्हेटिव्हची व्याख्याच बदलतात. एखाद्या बिंदूजवळ फलनातल्या बदलाची जवळजवळ अचूक जागा घेईल असा रेषीय नियम, म्हणजे मॅट्रिक्सने करायचं रूपांतर, ते त्या बिंदूवरचं डेरिव्हेटिव्ह. मायकेल स्पिव्हॅक यांचं १९६५चं ‘कॅल्क्युलस ऑन मॅनिफोल्ड्स’ हे जेमतेम दीडशे पानांचं पुस्तक या वाटेने जातं. इतकं बारीक पुस्तक इतक्या मुलांना घाम फोडतं याचं कारण त्यातल्या व्याख्या. प्रत्येक व्याख्येमागे असे दोन-चार कडे दडलेले असतात आणि ते ज्याचे त्यानेच शोधायचे असतात.

या सगळ्या व्याख्यांचं फळ स्टोक्सच्या प्रमेयात मिळतं. प्रदेशाच्या आत काय काय घडतं याची बेरीज नुसत्या सीमेवरून फिरून मिळते, हा त्याचा गाभा. प्रदेशाचे छोटे चौकोन पाडले आणि प्रत्येकाभोवती एकाच दिशेने फेरी मारली, तर शेजारच्या दोन चौकोनांची सामाईक कड एकदा इकडून आणि एकदा तिकडून चालली जाते. ती बेरजेतून कटते आणि उरते फक्त बाहेरची सीमा. सिव्हिलच्या सर्व्हे लॅबमधला प्लॅनिमीटर याच तत्त्वावर चालतो: नकाशावरच्या तलावाच्या काठावरून टोक फिरवलं की क्षेत्रफळ हाती येतं. याकोब आम्सलर यांनी तो १८५४ मध्ये बनवला. योगायोग असा, की त्याच वर्षी केंब्रिजच्या स्मिथ पारितोषिकाच्या परीक्षेत स्टोक्स यांनी हे प्रमेय प्रश्न म्हणून घातलं. त्याआधी, १८५० मध्ये, ते त्यांना केल्व्हिन यांच्या पत्रातून कळलं होतं. त्या परीक्षेला बसलेल्यांत जेम्स क्लार्क मॅक्सवेल होते. पुढे एली कार्तां यांनी डिफरेन्शियल फॉर्म्सची भाषा घडवली, आणि ग्रीन, गाउस, स्टोक्स व शाळेत शिकलेलं कॅल्क्युलसचं मूलभूत प्रमेय ही चारही एकाच ओळीच्या विधानात मावली. त्या भाषेत सिद्धता फार लांबत नाही. कष्ट सगळे तिथवर पोचण्यात जातात.

ऑनर्स कोर्सच्या या काटेकोरपणावर पहिला आक्षेप पदार्थविज्ञानवाल्यांचा. मॅक्सवेल यांनी या काटेकोरपणावाचूनच विद्युतचुंबकत्व उभं केलं, मग आजच्या मुलाला तो कशाला? आक्षेप वजनदार आहे, पण त्यातला इतिहास अर्धाच खरा आहे. वीज वाहणाऱ्या सरळ तारेभोवतीचं चुंबकीय क्षेत्र घ्या. तारेबाहेर कुठेही त्याचा कर्ल शून्य. स्टोक्सचं सूत्र डोळे मिटून लावलं तर तारेभोवती एक फेरी मारल्यावर बेरीज शून्य यायला हवी. प्रत्यक्षात ती प्रवाहाच्या प्रमाणात येते. प्रदेशाच्या मधोमध तारेएवढं भोक आहे आणि प्रमेयाची अट तिथे मोडते. मॅक्सवेल यांना हे चांगलं ठाऊक होतं. १८७३च्या त्यांच्या ग्रंथात अशा भोकं असलेल्या प्रदेशांची चर्चा आहे आणि त्यासाठी त्यांनी गणितज्ञ लिस्टिंग यांच्या टोपोलॉजीतल्या कल्पना उसन्या घेतल्या आहेत. काटेकोरपणा त्यांनाही लागलाच, फक्त तो ज्याचा त्याने कमवावा लागत होता. आजच्या विद्यार्थ्याला सूत्र आयतं मिळतं आणि भोक कुणी दाखवत नाही.

दुसरा आक्षेप नव्या काळातला: हे सगळं आता सॉफ्टवेअर करतं. करतं खरं, पण कसं करतं ते पाहिलं की आक्षेप उलटतो. न्यूरल नेटवर्कला शिकवताना लाखो पॅरामीटर असलेल्या आणि शेवटी एकच संख्या देणाऱ्या फलनाचा ग्रेडियंट लागतो. चेन रूल म्हणजे मॅट्रिक्सची गुणाकार-साखळी, हे ज्याला समजलं आहे त्याला हेही दिसतं की ती साखळी शेवटाकडून गुणत आलं तर प्रत्येक पायरीवर एकच ओळ सांभाळावी लागते आणि काम प्रचंड कमी होतं. बॅकप्रोपगेशन म्हणजे मुळात एवढंच. पार्शल डेरिव्हेटिव्हची जंत्री पाठ केलेल्याला मात्र ती जादू वाटते.

तिसरा आक्षेप मला सगळ्यांत खरा वाटतो. हे कोर्स आधीच तयार होऊन आलेल्या मुलांची शर्यत बनतात. हार्वर्डच्या ‘मॅथ ५५’ या ऑनर्स कोर्सभोवती तर इतक्या दंतकथा आहेत, की गणितापेक्षा तो घेतल्याचा तोराच मोठा होतो. ऑलिम्पियाडची शिबिरं केलेला मुलगा आणि आयुष्यात एकही सिद्धता न लिहिलेला हुशार मुलगा एकाच बाकावर बसले, तर दुसरा आठवड्याभरात स्वतःला मठ्ठ समजायला लागतो. ज्या प्रमेयांवरून हे चाललंय त्यांतल्या एकाला नाव देणारा जॉर्ज ग्रीन नॉटिंगहॅमच्या पिठाच्या गिरणीवाल्याचा मुलगा होता. शाळा जेमतेम वर्षभर झालेली. त्याने आपला निबंध १८२८ मध्ये वर्गणी गोळा करून छापला आणि चाळिशीला पोचल्यावर केंब्रिजमध्ये विद्यार्थी म्हणून पाऊल टाकलं. या विषयाला वेग लागतो, हा समज ग्रीनच्या चरित्रापुढे टिकत नाही. दोष काटेकोरपणाचा नसून क्रमाचा आहे. डेरिव्हेटिव्ह म्हणजे रेषीय नियम असं म्हणायचं आणि लिनिअर अल्जिब्रा पुढच्या सत्रात शिकवायचं, हा उफराटा कारभार अनेक ठिकाणी चालतो. हार्वर्डच्याच साठच्या दशकातल्या ऑनर्स कोर्समधून आलेलं लूमिस आणि स्टर्नबर्ग यांचं १९६८चं पुस्तक आधी व्हेक्टर स्पेस मांडतं, मग डेरिव्हेटिव्हला हात घालतं. कॉर्नेलचे जॉन हबर्ड आणि बार्बरा बर्क हबर्ड यांनी १९९९ मध्ये लिनिअर अल्जिब्रा, व्हेक्टर कॅल्क्युलस आणि डिफरेन्शियल फॉर्म्स एकाच पुस्तकात गुंफले. कॉर्नेलमध्ये या विषयांची ऑनर्स जोडी दोन सत्रं चालते. तेव्हा ज्याने लिनिअर अल्जिब्रा केलेलं नाही आणि ज्याच्या विद्यापीठात हा कोर्स एकाच सत्रात उरकतात, त्याने पहिल्या वर्षी साधा कोर्स घ्यावा आणि सिद्धतांचा दुसऱ्या वर्षी, भावी इंजिनिअरनेही. फक्त त्या वर्षभरात स्टोक्सचं सूत्र वापरताना दर वेळी प्रदेशात भोक आहे का, एवढं तपासून घ्यावं.