शेततळ्यात कोणता मासा कोणाबरोबर नांदतो?



२०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना आली आणि उसाच्या पट्ट्यातही शेततळी वाढली. त्यातली बरीचशी तीस मीटर बाय तीस मीटर, तीन मीटर खोल, आत प्लॅस्टिक अंथरलेली. पाणी मुळात उसाचे. पण ते आठ-नऊ महिने नुसते साचून असते, तेव्हा त्यात मासे सोडावेत असा विचार कुणाच्याही मनात येतो, आणि त्यात वावगे काही नाही. अडचण पुढे येते. शेतकी खात्याचा माणूस बांधावर दिसला की हमखास विचारणा होते, “सायेब, कटल्याला भाव हाय, मग समदा कटलाच टाकू का?”

तर मंडळी, समदा कटला टाकू नये. कारण कटल्याचे तोंड पाहा, वरच्या अंगाला वळलेले असते. तो पाण्याच्या वरच्या थरात फिरतो आणि पाण्यातले बारीक जीव गाळून खातो. सगळे कटलेच टाकले तर वरच्या थरात सगळ्यांची एकाच ताटावर झोंबाझोंबी आणि मधले, खालचे अन्न तसेच वाया. रोहू मधल्या थरात राहतो, कडेला-दगडाला धरलेले शेवाळ, कुजका पाला खातो. मृगळाचे तोंड खालच्या बाजूला. तो तळाचा गाळ चाळतो. तिघांची ताटे वेगळी, म्हणून तिघे सुखाने नांदतात. मिश्र मत्स्यपालन म्हणतात ते हेच. आंतरपीक निवडताना आपण मुळे किती खोल जातात ते बघतो, इथे तोंड कुठल्या बाजूला आहे ते बघायचे, एवढाच फरक.

मातीच्या तळ्यासाठी कटला चार, रोहू तीन, मृगळ तीन असे दहातले प्रमाण सांगितले जाते. १९५९ साली चंदेरा आणि गवत्या हे मासे परदेशातून आपल्याकडे आणले गेले. सायप्रिनसही बाहेरचाच. १९७१ पासून मिश्र मत्स्यपालनाचे प्रयोग देशभर एकत्र आखून झाले, त्यातून या सहा माशांचा मेळ रूढ झाला. पण सहा आहेत म्हणून सहाही टाकावेत असे नाही. चंदेरा कटल्याच्याच थरात राहतो, दोघांची स्पर्धा होते आणि कटला मागे पडतो. शिवाय चंदेरा बाहेर काढला की फार वेळ टिकत नाही. सायप्रिनस तळ उकरतो. मातीच्या तळ्यात बांध पोखरतो, आणि प्लॅस्टिकच्या तळ्यात साचलेला गाळ ढवळून पाणी गढूळ करतो. ठिबकवाल्याला ते परवडणारे नाही, फिल्टर धुता धुता माणूस मेटाकुटीला येईल. वर तो साचलेल्या पाण्यातच अंडी घालतो, म्हणजे नको असलेली पिल्लावळ आलीच. कटला, रोहू, मृगळ तळ्यात आपणहून वीत नाहीत, हे त्यांच्या बाजूने मोजायचे.

आता संख्या. हेक्टरी पाच हजार बोटुकली हे सर्वसाधारण प्रमाण धरले तर तीस बाय तीसच्या तळ्याला, म्हणजे जवळपास नऊ गुंठ्याला, साडेचारशे येतात. हा आकडा पाहून पुष्कळजण साडेचारशे (आणि वर ‘मरतात थोडे’ म्हणून शंभर) सोडून मोकळे होतात. पण हा हिशेब भरल्या तळ्याचा झाला. आपले तळे मार्चात भरलेले असते का? तळ्याचे काठ उतरते असतात. दीडास एक उतार धरला तर भरल्या तळ्यात एकोणीस-वीस लाख लिटर पाणी मावते. उंची निम्म्यावर आली की पाणी निम्मे उरत नाही, आठ लाखांच्या आसपास उरते. आणि नेमके तेव्हाच मासे मोठे झालेले असतात, ऊन चढलेले असते आणि उसाला पाणी हवे असते. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागतात ते भुकेने नव्हे, पाण्यातला प्राणवायू संपत आल्याने. त्या दिवशी खाद्य बंद ठेवावे आणि मोटरीने तळ्याचेच पाणी उंचावरून फवाऱ्यासारखे परत तळ्यात पाडावे.

म्हणून मासे ऑगस्टच्या पाण्यावर न मोजता मार्चच्या पाण्यावर मोजावेत असे माझे मत आहे. प्लॅस्टिकच्या तीस बाय तीस तळ्यात मी तीनशेच्या वर जाणार नाही: कटला शंभर, रोहू दीडशे, मृगळ तीस आणि गवत्या वीस. मृगळ कमी का? प्लॅस्टिकवर माती नाही, म्हणून तळाचे अन्न थोडे. गवत्या थोडे ठेवायचे, कारण त्याला रोज ओला चारा लागतो. बांधावरचे कोवळे गवत, लसूणघास चालतो, उसाचे राठ वाढे मात्र जनावरांसाठीच ठेवा. शक्य असेल तर बोटुकलीऐवजी वर्षाचे बीज घ्यावे. किंमत जास्त पडते, पण आपल्याकडे पाणीच आठ-नऊ महिने, तेवढ्यात ते विक्रीला येते. भाताचा कोंडा आणि शेंगदाण्याची पेंड समभाग, माशांच्या वजनाच्या दोन-तीन टक्के, एवढे खाद्य पुरते. शेणखत मातीच्या तळ्यात चांगले, ठिबकच्या तळ्यात हात आखडता घ्यावा.

आता न नांदणाऱ्यांविषयी. मरळ आणि शिंगाळा चवीला उत्तम, पण दोघेही मांसाहारी, बोटुकली फस्त करतात. कालव्याचे पाणी घेत असाल तर तोंडाशी बारीक जाळी बांधा, ही मंडळी आणि चिलापी त्याच वाटेने येतात. चिलापी १९५२ साली देशात आली. ती इतक्या वेळा विते की तळे बोटभर माशांनी भरून जाते आणि वजन कशालाच येत नाही. (एकलिंगी गिफ्ट तिलापियाची गोष्ट वेगळी, ते परवानगी घेऊन पाळता येते.) थाई मांगूर या नावाने विकला जाणारा आफ्रिकी मांगूर तर कुणी फुकट दिला तरी घेऊ नका. तो दिसेल ते खातो, ओल्या जमिनीवरून सरपटत दुसऱ्या पाण्यात जातो आणि केंद्र सरकारने २००० सालीच त्याच्यावर बंदी घातली आहे. आपला देशी मांगूर वेगळा.

पूर्वी बीज नदीतून गोळा करत, त्यात खाणारे आणि खाल्ले जाणारे एकत्रच येत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधुरी यांनी कार्प माशांचे प्रेरित प्रजनन यशस्वी केले, तेव्हापासून जातिवंत निवडक बीज मिळू लागले. असे असताना मोटारसायकलवर डबा लावून येणाऱ्याकडून ‘मिक्स बीज’ घेण्यात काय शहाणपण? शासकीय किंवा नोंदणीकृत केंद्रावरून जात वेगवेगळी मोजून घ्यावी. पिशवी पंधरा-वीस मिनिटे तळ्यात तरंगू द्यावी, मग सोडावी.

घरी मुलांसाठी काचेची पेटी ठेवणाऱ्यांनाही हाच न्याय. मोठा झालेला सोनमासा बारीक गप्पी गिळतो, एंजल त्यांची पिल्ले खातो आणि दोन नर फायटर एका पेटीत ठेवले तर एकाचा जीव जातो.

उसावर फवारणी केल्यावर पंप तळ्यात धुऊ नये. पायरेथ्रॉइड गटातली औषधे माशांना अगदी थोडी असली तरी मारक ठरतात. आणि मासे काढताना जाळ्याच्या शिशाच्या गोळ्या प्लॅस्टिकवरून ओढल्या गेल्या तर कागद फाटतो. तळे आटत आल्यावर हलक्या जाळ्याने, दोघांनी दोन्ही बाजूंनी उचलून धरून मासे काढावेत.