चढाईचे पहिले दिवस आणि आडाख्यांची परीक्षा

आधुनिक फौज परक्या मुलखात घुसते तेव्हा काय होते, याचे एक पक्के चित्र आपल्या डोक्यात बसले आहे. आधी विमाने आणि क्षेपणास्त्रे येतात, शत्रूचे रडार, टेलिफोन, वीज आणि नेते एका रात्रीत निकामी होतात, आणि मग मोकळ्या रस्त्यावरून रणगाडे राजधानीकडे निघतात. २१ मार्च २००३ च्या रात्री बगदादेत तैग्रिसच्या काठचे सरकारी प्रासाद पेटताना साऱ्या जगाने दूरचित्रवाणीवर पाहिले आणि या चित्रावर शिक्कामोर्तब झाले. त्याला नावही तयार होते, ‘शॉक अँड ऑ’. हार्लन उलमन आणि जेम्स वेड या दोन अमेरिकी लेखकांनी १९९६ मध्ये ते रूढ केले होते. इराकवरच्या त्या चढाईचा तपशील मात्र या चित्राशी फारसा जुळत नाही. तो नीट पाहिला तर लक्षात येते, की सुरुवातीच्या दिवसांत शस्त्रांपेक्षा आडाख्यांची परीक्षा जास्त होते. शत्रू कुठे आहे, कोण लढेल, कोण स्वागत करेल, कोणता रस्ता मोकळा सापडेल, याबद्दल चढाई करणाऱ्याने नकाशासमोर बसून जे गृहीत धरलेले असते, त्याचा निकाल पहिल्या आठवड्यात लागू लागतो.

‘आधी आकाश, मग जमीन’ हा क्रम अटळ असतो, हा पहिला गैरसमज. तो १९९१ च्या आखाती युद्धातून आला. तेव्हा १७ जानेवारीपासून ३८ दिवस हवाई हल्ले झाले आणि मग जमिनीवरची लढाई १०० तासांत आटोपली. २००३ मध्ये हा क्रम चक्क उलटा झाला. इराकी सैनिक दक्षिणेतल्या रुमैला भागातील तेलविहिरी पेटवणार, अशी चिन्हे दिसू लागली आणि जमिनीवरची चढाई ठरल्या वेळेच्या आधी सुरू करण्यात आली. २० मार्चच्या रात्री अमेरिकी मरीन सैनिक कुवेतची सीमा ओलांडून गेले, ब्रिटनचे रॉयल मरीन कमांडो फाव द्वीपकल्पावर उतरले, आणि बगदादवरचा तो गाजलेला भडिमार त्यानंतर जवळजवळ एका दिवसाने झाला. या घाईचे फळही मिळाले. १९९१ मध्ये कुवेतच्या सहाशेहून अधिक विहिरी पेटल्या होत्या, यावेळी पेटलेल्या विहिरी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. पण मग रडार आणि विमानविरोधी तोफा शाबूत असताना सैन्य पुढे पाठवण्याचे धाडस झाले कसे? याचे कारण असे, की दक्षिण इराकचे आकाश आधीच मोकळे झालेले होते. १९९२ पासून तिथे इराकी विमानांना उड्डाणबंदी होती आणि तिची अंमलबजावणी अमेरिकी व ब्रिटिश विमाने करत होती. २००२ च्या मध्यापासून या गस्तीच्या आडून ‘सदर्न फोकस’ या सांकेतिक नावाने ३९१ लक्ष्यांवर ६०६ बॉम्ब टाकण्यात आले. हवाई मोहिमेचे प्रमुख जनरल मायकल मोझली यांनीच युद्धानंतर ही आकडेवारी सांगितली. म्हणजे ज्याला आपण युद्धाचा पहिला दिवस म्हणतो, तोपर्यंत हवाई युद्धाचे निम्मे काम गाजावाजा न होता उरकले होते. पश्चिमेच्या वाळवंटात विशेष दलाचे सैनिकही आधीच घुसले होते. बातम्यांमधली तारीख ही राजकीय तारीख असते, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.

शत्रूची वीज आणि दूरचित्रवाणी पहिल्या तासात बंद होते, हेही खरे नव्हे. ज्या देशाचा कारभार उद्या आपल्यालाच हाकायचा आहे, त्याची वीजकेंद्रे कोण उडवेल? बगदादचे दिवे ३ एप्रिलपर्यंत चालू होते. सरकारी दूरचित्रवाणीही सुरुवातीला चालू राहिली आणि माहितीमंत्री मोहम्मद सईद अल-सहाफ रोज पत्रकारांसमोर येत राहिले. त्यांची पुढे जगभर टिंगल झाली आणि ती रास्तही होती. तरी पहिल्या आठवड्यात उम्म कस्र बंदर पडल्याची घोषणा दोस्त फौजांनी एकदा नव्हे, अनेकदा केली, आणि तिथे गोळीबार चालूच होता. त्या एका बाबतीत अल-सहाफ यांचे म्हणणे सत्याच्या अधिक जवळ होते.

सर्वांत घट्ट बसलेला गैरसमज नेमकेपणाचा आहे. अचूक मारा करणारी शस्त्रे असली की नेता टिपता येतो आणि सामान्य माणूस वाचतो, असे मानले जाते. १९९१ मध्ये टाकलेल्या बॉम्बपैकी जेमतेम आठ-नऊ टक्के मार्गदर्शित होते. २००३ मध्ये हे प्रमाण ६८ टक्क्यांवर गेले, ही प्रगती खरीच होती. पण बॉम्ब नेमका असणे आणि माहिती नेमकी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. युद्धाचा आरंभच त्याचे उदाहरण ठरला. २० मार्चच्या पहाटे बगदादच्या दक्षिण कडेला डोरा फार्म्स नावाच्या जागेवर दोन एफ-११७ विमानांनी मिळून चार बॉम्ब टाकले, पाठोपाठ सुमारे ४० टॉमाहॉक क्षेपणास्त्रे सुटली. सद्दाम हुसेन तिथल्या तळघरात झोपला आहे, अशी खबर होती. सद्दाम तिथे नव्हता, आणि नंतर शोध घेतला तेव्हा तळघरही सापडले नाही. पुढच्या तीन आठवड्यांत इराकी नेत्यांना टिपण्यासाठी असे ५० हल्ले झाले. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने युद्धानंतर जागोजागी जाऊन तपासणी केली, तेव्हा त्यातला एकही यशस्वी झाला नसल्याचे आढळले. कारण अगदी साधे होते. नेत्यांचा ठावठिकाणा मुख्यतः त्यांच्या थुरैया उपग्रह-फोनवरून काढला जाई, आणि त्या फोनची जागा शंभर मीटरच्या परिघापलीकडे अचूक कळत नसे. बॉम्ब दहा-पंधरा मीटरच्या आत पडायचा, पण शंभर मीटरच्या अंदाजावर. दाट वस्तीत शंभर मीटरांत किती घरे मावतात, हे मुंबई-पुण्याच्या वाचकाला सांगायला नको. शिवाय जमिनीवरून डागलेल्या क्लस्टर तोफगोळ्यांचा हिशेब या ६८ टक्क्यांत धरलेलाच नाही. दोस्त फौजांनी सुमारे १३ हजार क्लस्टर अस्त्रे वापरली आणि त्यांच्यातून जवळपास वीस लाख छोटे बॉम्ब विखुरले गेले. त्यातले न फुटलेले नंतर पोरांच्या हाती लागले.

आडाख्यांचा खरा निकाल लागला तो २३ मार्चला. अमेरिकी योजनेत धास्ती होती ती सद्दामच्या रिपब्लिकन गार्ड या निवडक दलाची आणि रासायनिक अस्त्रांची. दक्षिणेतली शिया शहरे शांत राहतील, कदाचित हारतुरे घेऊन पुढे येतील, असा हिशेब होता. रासायनिक अस्त्रे निघालीच नाहीत, रिपब्लिकन गार्डला पुढे वाळूच्या वादळातही हवाई माऱ्याने खिळखिळे केले गेले. आणि ज्यांना फारसे मोजले नव्हते ते फिदायीन सद्दामचे निमलष्करी टोळके साध्या कपड्यांत, टोयोटा पिकअपवर मशीनगन चढवून रसदीच्या रस्त्यावर उभे ठाकले. शहरांतले लोक हारतुरे घेऊन आले नाहीत, कारण १९९१ मध्ये अमेरिकेच्या भरवशावर बंड केल्यावर आपल्याला सद्दामच्या तोंडी कसे सोडून दिले गेले, हे ते विसरले नव्हते. त्या दिवशी नासिरियाजवळ ५०७ व्या मेंटेनन्स कंपनीचा १८ गाड्यांचा ताफा चुकला. ही लढाऊ तुकडी नव्हती, वाहने आणि यंत्रे दुरुस्त करणारी माणसे होती. सलग दोन-तीन दिवस जेमतेम डोळा लागलेला, वाळूत रुतलेल्या गाड्या ओढत मुख्य ताफ्याच्या बरेच मागे पडलेले हे ३३ जण वळण चुकून थेट शहरात शिरले. चूक कळल्यावर मागे फिरले आणि मग चहूबाजूंनी गोळीबार सुरू झाला. धुळीने भरलेल्या रायफली ऐन वेळी अडकल्या. ११ जण मारले गेले, काही पकडले गेले. त्याच रात्री करबलाच्या दिशेने तीसेक अपाची हेलिकॉप्टरे रिपब्लिकन गार्डच्या मदिना डिव्हिजनवर हल्ल्याला निघाली. वाटेतल्या शहराचे दिवे क्षणभर विझले, पुन्हा लागले, आणि त्याबरोबर घरांच्या छपरांवरून बंदुका व तोफा धडाडू लागल्या. दिव्यांची ती उघडझाप म्हणजे इशारा होता. एक हेलिकॉप्टर पडले आणि उरलेली जवळजवळ सगळी भोके पडून परतली. त्याच दिवशी कुवेतच्या सीमेजवळ एका अमेरिकी पेट्रियट यंत्रणेने परतणाऱ्या ब्रिटिश टोर्नेडो विमानालाच शत्रूचे क्षेपणास्त्र समजून पाडले आणि त्यातले दोघेही ठार झाले. यंत्रातही कोणाचा तरी आडाखाच भरलेला असतो.

रणगाड्यांची घोडदौड ही बातम्यांना सोयीची असते, पण एम-१ अब्राम्स रणगाडा किलोमीटरला साडेचार ते पाच लिटर इंधन पितो. कुवेत ते बगदाद हे अंतर पाचशे किलोमीटरांच्या पुढे आहे. म्हणून आघाडीच्या रणगाड्याइतकेच महत्त्व त्याच्या मागे दीडशे-दोनशे किलोमीटरवर असलेल्या तेलाच्या टँकरला येते, आणि त्या टँकरला चिलखत नसते. २४ मार्चपासून वाळूचे भयानक वादळ सुटले. पाचव्या कोअरचे प्रमुख जनरल विल्यम वॉलेस यांनी २७ मार्चला पत्रकारांना उघड सांगितले, की समोरचा शत्रू सरावात गृहीत धरलेल्या शत्रूपेक्षा थोडा वेगळा आहे. वॉशिंग्टनला हे झोंबले, पण म्हणणे खरे होते. नजफ आणि समावा ही शहरे वळसा घालून मागे सोडायची होती, ती ताब्यात ठेवायला १०१ व्या आणि ८२ व्या एअरबोर्न डिव्हिजनचे सैनिक आणावे लागले. उत्तरेकडून येणारी चौथी इन्फन्ट्री डिव्हिजन आलीच नव्हती. तुर्कस्तानच्या संसदेत १ मार्चला अमेरिकी सैन्याला वाट देण्याच्या ठरावाच्या बाजूने २६४ आणि विरोधात २५० मते पडली, तरी तटस्थांमुळे आवश्यक बहुमत झाले नाही, आणि त्या डिव्हिजनचे सामान भूमध्य समुद्रात जहाजांवर अडकून पडले. २६ मार्चच्या रात्री सुमारे एक हजार छत्रीधारी सैनिक उत्तर इराकमधल्या बाशूरच्या धावपट्टीवर उतरले. हे दृश्य चित्रपटासारखे वाटते खरे, पण ती धावपट्टी आधीपासून कुर्दांच्या ताब्यात होती.

इथे कोणी म्हणेल, आडाखे चुकले म्हणता, मग ९ एप्रिलला बगदाद पडले कसे? आक्षेप वाजवी आहे. उत्तर असे, की परीक्षा दोन्ही बाजूंच्या आडाख्यांची असते आणि सद्दामचे आडाखे कितीतरी अधिक चुकले. युद्धानंतर पकडलेल्या कागदपत्रांवरून आणि इराकी सेनापतींच्या जबान्यांवरून असे दिसले, की अमेरिका राजधानीपर्यंत येईल यावर त्याचा शेवटपर्यंत विश्वास नव्हता. खरी भीती घरातल्या बंडाची होती. बंड मोडायला सैन्य हलवावे लागेल म्हणून फरात नदीवरचे पूल त्याने उडवले नाहीत, आणि त्याच पुलांवरून अमेरिकी रणगाडे आले. चढाई यशस्वी झाली ती तिचा आराखडा निर्दोष होता म्हणून नव्हे. चूक दिसल्यावर तो बदलायला आघाडीवरच्या अधिकाऱ्यांना मोकळीक होती, आणि समोरच्याला बदलाची परवानगीच नव्हती.

दुसरा आक्षेप असा, की इराक निर्बंधांनी पोखरलेला होता, त्यावरून नियम कसा काढणार? मग युक्रेन घ्या. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने पहिल्याच दिवशी शंभरहून अधिक क्षेपणास्त्रे डागली. कीव्हजवळच्या होस्तोमेल विमानतळावर हेलिकॉप्टरांतून सैनिक उतरवले. कुमक घेऊन येणारी मालवाहू विमाने मात्र तिथे उतरू शकली नाहीत, कारण युक्रेनी तोफांनी धावपट्टी उखडली होती. युक्रेनने विमानविरोधी क्षेपणास्त्रे आणि विमाने ऐन वेळी जागेवरून हलवली होती, त्यामुळे बरेच रशियन मारे रिकाम्या जागांवर पडले. लंडनच्या ‘रुसी’ या संरक्षण अभ्यास संस्थेनुसार कीव्हच्या उत्तरेला रशियाचे संख्याबळ बाराला एक असे होते. युक्रेनचाही आडाखा चुकला होता, त्यांना मुख्य घाव डोनबासमध्ये पडेल असे वाटत होते. तरी रशियाचा सुमारे ६४ किलोमीटर लांब वाहनांचा ताफा रस्त्यावरच थिजला, कारण लढाई होईल असे धरून तो निघालाच नव्हता. आपल्याकडचे उदाहरण जवळचे आहे. ३ डिसेंबर १९७१ च्या संध्याकाळी पाकिस्तानने इस्रायलच्या १९६७ मधील हल्ल्याचा कित्ता गिरवत पठाणकोट, अमृतसर, श्रीनगर, आग्रा अशा तळांवर अचानक बॉम्ब टाकले. १९६५ मध्ये पठाणकोटला उघड्यावर उभी असलेली विमाने गमावल्यावर भारताने त्यांच्यासाठी काँक्रीटचे निवारे बांधले होते. धावपट्ट्यांना खड्डे पडले, ते रातोरात बुजवले, आणि विमाने सुरक्षित राहिली.

उरतो तो सर्वांत महाग गैरसमज, की सुरुवात झपाट्याने झाली म्हणजे युद्ध जिंकले. चढाईच्या आधी, २५ फेब्रुवारी २००३ रोजी, अमेरिकी लष्करप्रमुख जनरल एरिक शिन्सेकी यांनी सिनेटच्या समितीसमोर सांगितले होते, की युद्धानंतर इराक सांभाळायला काही लाख सैनिक लागतील. संरक्षण खात्यातील वरिष्ठांनी ते जाहीरपणे खोडून काढले. कमी सैन्यात बगदाद घेता येते, एवढे वरिष्ठांचे खरे ठरले. पण बगदाद पडल्याच्या पुढच्याच दिवसांत राष्ट्रीय वस्तुसंग्रहालय लुटले गेले आणि देशभरची दारूगोळ्याची कोठारे पहाऱ्याविना उघडी राहिली, कारण पहाऱ्याला माणसेच नव्हती. त्याच कोठारांतल्या तोफगोळ्यांचे पुढे रस्त्याकडेचे सुरुंग झाले. १ मे २००३ रोजी मुख्य लढाई संपल्याचे जाहीर झाले, तोवर १३९ अमेरिकी सैनिक मारले गेले होते. डिसेंबर २०११ मध्ये सैन्य माघारी गेले तेव्हा हा आकडा साडेचार हजारांच्या आसपास होता.