आत्मभान आणि हेतू : शहादा-तळोद्याचा धडा

चळवळीत संतापाला तोटा नसतो. तोटा असतो तो नेमक्या हेतूचा. अन्यायाची चीड येणे ही सुरुवात झाली, पण चीड म्हणजे दिशा नव्हे. आपण कोण आहोत आणि आपल्याला नेमके काय हवे आहे, या दोन प्रश्नांची उत्तरे ज्याच्यापाशी नाहीत, त्याच्या चिडीचा वापर दुसराच कोणीतरी करून घेतो.

महाडचे उदाहरण आपल्याला पाठ आहे. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले गेले. डिसेंबरच्या परिषदेत बाबासाहेबांनी स्पष्ट केले की, ही धडपड तहान भागविण्यासाठी नाही. आपणही माणसे आहोत हे प्रस्थापित करण्यासाठी आहे. त्यामुळे न्यायालयाच्या मनाईहुकुमाने तळ्यावर जाणे तहकूब झाले, तरी चळवळ भरकटली नाही. पाणी हाच हेतू असता तर ती तिथेच आटली असती. पुढे १९३७ साली उच्च न्यायालयाचा निकालही अस्पृश्यांच्या बाजूने लागला.

त्याच सुमारास आज नंदुरबार जिल्ह्यात असलेल्या तळोदा तालुक्यात, मोरवडला, गुलाम महाराज नावाचा भिल्ल पुरुष आपल्या लोकांना सांगत होता : दारू सोडा, स्वच्छ राहा आणि एकमेकांना 'आप' म्हणा. दर सोमवारी आरतीला माणसांची रीघ लागे. १९३८ मध्ये ते वारले, पण 'आप' हा शब्द राहिला. ज्याला जन्मभर 'अरे भिल्ला' एवढीच हाक ऐकू आली, त्याने शेजाऱ्याला 'आप' म्हणणे ही साधी गोष्ट नव्हती. मालकाने आपल्याला काय म्हणावे ते आपल्या हाती नसते. आपण आपल्याला काय म्हणावे ते असते. हे आत्मभान होते. त्याची भाषा धर्माची होती, म्हणून त्याला कमी लेखण्याचे कारण नाही. मात्र त्याने सावकाराकडे गेलेली जमीन परत आली नाही, हेही खरे आहे.

जमिनीचा प्रश्न नेमकेपणाने पुढे आला तो १९७१ च्या पाटीलवाडी प्रकरणानंतर. अंबरसिंग सुरतवंती हा भिल्ल कार्यकर्ता त्यात अग्रभागी होता. १९७२ च्या जानेवारीत शहाद्याला भू-मुक्ती परिषद भरली आणि पुढे श्रमिक संघटना उभी राहिली. "आमच्यावर अन्याय होतो" हे गाऱ्हाणे आहे. त्यावर अधिकारी मान डोलावून मोकळा होतो. "अमुक गावची, अमुक गटाची जमीन आमच्या आजाची होती, ती आज अमक्याच्या ताब्यात आहे" हा हेतू आहे. त्याला उत्तर द्यावेच लागते. महाराष्ट्रात आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा १९७४ चा कायदा झाला. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळातील हस्तांतरणे त्याच्या कक्षेत आली. कायदा सगळीकडे नीट अमलात आला असे कोणी म्हणणार नाही. पण मागणीला तारीख आणि सातबारा असतो, तेव्हाच तिचा कायदा होऊ शकतो.

याच चळवळीतल्या स्त्रियांनी १९७२-७३ मध्ये गावोगाव दारूची मडकी फोडली. त्या तिथे थांबल्या नाहीत. बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला त्यांनी चारचौघांत जाब विचारला. हेतू दारूबंदीचा आहे असे वरवर दिसत होते. मुळात तो स्वतःच्या घरात माणूस म्हणून जगण्याचा होता. तो एकदा उमगल्यावर पुढचे पाऊल कोणी सांगावे लागले नाही.

एक इशारा याच मातीतला आहे. वाहरू सोनवणे यांच्या 'स्टेज' या कवितेने चळवळीलाच प्रश्न विचारला : ज्यांचे दुःख, ते खाली बसलेले, आणि ते दुःख सांगणारे मंचावर. मागणी बरोबर असूनही ती मांडणारे तोंड आपले नसेल, तर शेवटी तीही मागणी दुसऱ्याची होते. हेतूवाचून आत्मभान आरतीपाशी थांबते आणि आत्मभानावाचून हेतू मंचाखाली बसून राहतो.

मी याच जिल्ह्यात शिकवतो. माझ्या घरातला मी पहिला पदवीधर. माझ्या वर्गातली बरीच मुलेही तशीच आहेत. ती मोर्चाला जातात, घोषणा देतात, त्यांनी जावेच. पण निघण्यापूर्वी निवेदन त्यांनी स्वतः लिहावे, उसने आणू नये. त्यात कोणाचे काय अडले आहे, कोणत्या कचेरीत, किती महिन्यांपासून, आणि काय झाले म्हणजे आपण उठू, हे असावे. शिष्यवृत्ती अडली असेल तर नावे आणि रकमा असाव्यात. हे लिहिताना जो वाद होईल, तोच खरा अभ्यासवर्ग. ज्या मुलीला तिथे आपले वाक्य सापडेल, तिला साहेबाच्या टेबलापुढे कोणी बोलायला शिकवावे लागणार नाही.