डॉज सिटीमागच्या टेकड्या

‘गनस्मोक’ या अमेरिकी वेस्टर्न मालिकेचा जुना भाग बघताना मी कॅन्ससचा नकाशा शेजारी उघडून ठेवतो. घोडेस्वार गावाबाहेर पडला की दृश्य थांबवायचं आणि त्याच्याकडे न बघता त्याच्या पाठीमागे बघायचं. बरेचदा तिथे टेकड्या असतात, उतारावर ओकची झाडं. कथा जिथे घडते ते खरं डॉज सिटी कॅन्ससमध्ये, आर्कान्सा नदीकाठच्या सपाट गवताळ माळावर आहे. पडद्यावरच्या त्या टेकड्या कॅलिफोर्नियातल्या, लॉस एंजेलिसच्या आसपासच्या.

बंदुकांच्या चुका काढणारे पुष्कळ आहेत. ‘द रायफलमन’ या दुसऱ्या वेस्टर्न मालिकेची कथा १८८०च्या दशकातली आणि नायकाच्या हातात १८९२ची विंचेस्टर, हे शौकीन लगेच सांगतात. मला ती चूक फारशी सलत नाही. बंदूक दहा वर्षं अलीकडची असली म्हणून गोष्ट बिघडत नाही. जमीन बदलली, की माणसं तिथे का आली आणि कशावरून भांडली, तेच कळेनासं होतं.

‘बोनान्झा’ मालिकेच्या सुरुवातीचा तो जळणारा नकाशाच घ्या. उत्तर वर धरून वाचला तर रेनो कार्सन सिटीच्या पश्चिमेला पडतं. प्रत्यक्षात ते उत्तरेला आहे. कथा १८६०च्या दशकातली, आणि रेनो वसलं १८६८ साली. मालिकेतली माणसं टाहो सरोवराकाठून व्हर्जिनिया सिटीला सहज ये-जा करतात, पण त्या दोहोंच्या मध्ये डोंगररांग आहे, वॉशो खोरं आहे, पुन्हा चढ आहे. नकाशावर बोट फिरवलं की कळतं, ही काही सहज घोडा दामटून येण्याजोगी वाट नव्हे.

डॉज सिटीत तर सगळा खेळ रेल्वेचा. १८७२ साली रूळ आले आणि फ्रंट स्ट्रीटची दुकानं रुळांकडे तोंड करून उभी राहिली. रुळांच्या उत्तरेला शस्त्र बाळगायला बंदी होती. तशी पाटी तिथे लावलेली जुन्या छायाचित्रात स्पष्ट वाचता येते. ‘गनस्मोक’ मात्र सुरू होते ती भर रस्त्यातल्या पिस्तुलांच्या द्वंद्वानं. टेक्सासमधून शेकडो मैल गुरं हाकत आणायची ती इथे गाडीत भरून पूर्वेकडे पाठवायला. हाकणाऱ्यांत काळे आणि मेक्सिकन गुराखी कितीतरी होते. पडद्यावर ते शोधावे लागतात, याचं मला टेकड्यांहून जास्त वाईट वाटतं.

टेक्सासच्या त्या गुरांच्या अंगावर गोचीड असे. तिच्यामुळे ताप पसरून कॅन्ससची गुरं मरत. उघड्या माळावर कळपाला अडवणारं काहीच नव्हतं, म्हणून शेतकऱ्यांनी कुंपणं घातली, कायदा मागितला. १८८५ साली राज्यानं टेक्सासच्या कळपांना दार बंद केलं. म्हणजे रूळ आल्यापासून धरलं तरी डॉज सिटीचा गुरांचा व्यापार जेमतेम तेरा वर्षांचा. ‘गनस्मोक’ १९५५ ते १९७५, पुरी वीस वर्षं चालली.