साठेखत करून विक्रेता फिरल्यास
रत्नागिरीकडे आंब्याच्या बागेचें साठेखत करून विसार घेतलेला विक्रेता भाव वाढतांच खरेदीखत टाळूं लागल्यास घेणाऱ्यानें काय करावें? १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणें साठेखतानें मालकी येत नाहीं. करार पुरा करून घेण्याचा हक्क तेवढा येतो. बाकी रक्कम देण्यास आपण तयार आहों, हें नोटिशीनें कळवावें व पैशाचा पुरावा जपावा. खरेदीच्या ठरल्या तारखेपासून, ती नसल्यास नकार समजल्यापासून, ३ वर्षांच्या आंत दिवाणी दावा लावावा. स्पेसिफिक रिलीफ ॲक्टाच्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर हुकूमनामा केवळ न्यायाधीशाच्या मर्जीवर राहिलेला नाहीं. दाव्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे लगेच नोंदवावी. महाराष्ट्रांत लागू असलेल्या १९३९ च्या दुरुस्तीमुळें, ही नोंद नसल्यास मध्यंतरीं जमीन तिऱ्हाइतास विकली जाण्याचा धोका राहतो. विसार मात्र मुकाट्यानें परत घेऊं नये; करार सोडल्याचा तोच पुरावा ठरेल.